'सोळा गाळे' : खेळातला पूर खेळाडूला अडवता यावा का?

बरगेवाला

सर्वांना नमस्कार. गेली तीन वर्षे मी शाहूपुरीतल्या एका भाड्याच्या खोलीत बसून 'सोळा गाळे' हा संगणकावरचा खेळ एकट्याने तयार करीत आहे, हे येथील बऱ्याच सभासदांना ठाऊक आहे. कारण येथल्याच ६४ जणांनी वर्गणी दिली म्हणून त्या खोलीचे भाडे निघत आले आहे.

नव्या सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. खेळाडू हा पंचगंगेवरच्या सोळा गाळ्यांच्या एका कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचा राखणदार असतो. पाऊस सरल्यावर गाळ्यांत, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या जागांत, बरगे म्हणजे आडव्या फळ्या दोन ओळींत घालायच्या, त्या दोन ओळींमधल्या पोकळीत माती भरायची, अडलेले पाणी वरच्या आणि खालच्या गावांना पुरवायचे, उन्हाळ्यात उपसाबंदी, म्हणजे नदीतून पाणी उपसायला बंदी, आली की शिव्या खायच्या आणि मृग निघण्याआधी सगळे बरगे काढून घ्यायचे. एक नक्षत्र म्हणजे एक डाव, म्हणजे वर्षाचे २७ डाव होतात. दुसऱ्या वर्षी आश्लेषा नक्षत्रात मोठा पूर येतो, आणि खेळाडूने काहीही केले तरी तो येतोच.

चाचणीची आवृत्ती ४१ पाठीराख्यांनी खेळून पाहिली. त्यांपैकी २६ जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच तक्रार केली आहे, ती अशी, की दोन वर्षे इमानाने बंधारा सांभाळल्यावर सगळे वाहून जात असेल तर सांभाळायचे कशासाठी? मला स्वतःला पूर अटळच हवा आहे. पण २६ माणसे एका सुरात बोलतात तेव्हा आपला हट्ट तपासून पाहावा, असेही वाटते. आपले मत मोकळेपणाने मांडावे.

तांबडापांढरा

मी त्या २६ जणांपैकी एक आहे. माझ्या खालच्या गावातला ऊस तोडणीला आला होता हो. रात्री साडेबारा वाजता मी संगणकासमोर बसून खऱ्या शेतकऱ्यासारखा कपाळाला हात लावला आणि घरच्यांना वाटले, कार्यालयातून काही वाईट निरोप आला.

पिक्सेलपंडित

तक्रार करणाऱ्यांची बाजू जरा नीट मांडण्याचा प्रयत्न करतो, कारण ती केवळ हळवेपणाची नाही. खेळात आणि गोष्टीत एक मूलभूत फरक असतो. गोष्टीत नायकावर संकट कोसळले तर वाचक हळहळतो. खेळात ते कोसळले तर खेळाडू आधी स्वतःची चूक शोधतो, कारण पहिल्या डावापासून आपणच त्याला शिकवलेले असते, की तू जे करशील त्याचे फळ तुला मिळेल. 'सोळा गाळे'च्या पहिल्या वर्षात हा करार अतिशय चोख पाळलेला आहे. बरगे उशिरा काढले की पाण्याला फुगवटा येतो आणि काठ खचतो. माती कमी भरली की गळती लागते. मग दुसऱ्या वर्षी अचानक तो करार मोडला जातो आणि खेळाडूला कोणीही सांगत नाही, की आता नियम बदलले आहेत.

मी स्वतः तीन वेळा मागे जाऊन खेळलो. एकदा बरगे रोहिणीतच काढून टाकले, एकदा उपसा वाढवून नदी जवळजवळ कोरडी ठेवली. तिन्ही वेळा पूर तेवढाच आला. तिसऱ्या वेळी मला दुःख झाले नाही, राग आला. पूर अडवता यावा असे मी म्हणत नाही, परंतु निदान त्याची उंची तरी खेळाडूच्या वागण्यावर अवलंबून असावी, एवढी माझी मागणी आहे.

पाटाचे_पाणी

पाटबंधाऱ्याच्या कामातून निवृत्त होऊन मला नऊ वर्षे झाली. खेळांतले मला फारसे कळत नाही, नातीने शेजारी बसून खेळवले. परंतु पिक्सेलपंडितांची मागणी मान्य झाली, तर बंधाऱ्याविषयी चुकीची समजूत पसरेल, म्हणून लिहितो.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा नदीच्या पात्रातले पाणी पात्रातच अडवतो. तो पूर अडवण्यासाठी बांधलेला नसतो, आणि पावसाळ्यात बरगे काढल्यावर त्याचे नुसते खांब उरतात. पूर आला की तो स्वतःच बुडतो. दर पावसाळ्यात 'राजाराम बंधारा पाण्याखाली' ही आपल्याकडची पहिली बातमी असते, ती उगाच नाही. तेव्हा सोळा गाळ्यांच्या राखणदाराने उन्हाळ्यात नदी कोरडी ठेवली म्हणून आश्लेषातला पूर चार बोटेही कमी होणार नाही.

वर राधानगरी धरणाचे सात दरवाजे आहेत, तेही स्वयंचलित आहेत. धरण भरले की पाण्याच्याच जोरावर ते उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटते आणि ते सोडण्यासाठी कोणाची सही लागत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या साऱ्यांचे पाणी एकाच वेळी प्रयाग चिखलीच्या संगमावर आले, तर खालच्या बंधाऱ्यावरच्या माणसाने करायचे ते काय? या बाबतीत खेळ खरा आहे. उलट मातीचा हिशोब मात्र चुकला आहे. सोळा गाळ्यांना आपण दाखवली तेवढी माती पुरणार नाही.

उसातला_कोल्हा

पाटाचे पाणी काका, सगळे सांगितलेत, पण कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचे नाव घेतले नाहीत. ५१९.६० मीटरची उंची ५२४.२५६ करायचे म्हणतात, त्याचे काय? खेळाच्या तिसऱ्या वर्षात आलमट्टीचा फुगवटा आलाच पाहिजे, नाहीतर मी वर्गणी परत मागणार.

व्यवस्थापक

आलमट्टीसाठी स्वतंत्र धागा आहे, तो ४०० प्रतिसादांवर पोहोचला असून अजूनही कोणी कोणाचे ऐकलेले नाही. येथे कृपया खेळाविषयीच लिहावे.

वर्गणीदार_बारा

मी व्यवहाराचे बोलतो, कोणी वाईट वाटून घेऊ नये. हा खेळ पुढे स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर, विकायचा आहे. तिथे नोंदणीचे १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतला ३० टक्के वाटा त्यांचा असतो, हे सोडून देऊ. खरी मेख वेगळीच आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळले असेल, तर गिऱ्हाइकाला पैसे परत मागता येतात. मी घड्याळ लावून खेळलो. आश्लेषातला पूर मला १ तास ४० मिनिटांनी भेटला. म्हणजे माणूस नेमका चिडतो तेव्हा त्याच्या हाती पैसे परत घ्यायला २० मिनिटे शिल्लक असतात!

पूर तिसऱ्या वर्षात ढकलावा, एवढाच माझा सल्ला आहे. खेळ आहे तसा राहील आणि पैसेही राहतील. शिवाय ज्यांनी पैसे घातले आहेत त्यांच्या म्हणण्याला काही वजन असावे की नाही, हाही प्रश्न आहेच.

रंकाळ्याकाठी

वर्गणीचा विषय निघालाच आहे, तर बोलते. आमच्या पेठेतल्या तालमीच्या गणपतीला मी दर वर्षी वर्गणी देते. मूर्ती किती फुटांची असावी, देखावा कोणता असावा, आवाज किती असावा, यांवर मी दर वर्षी भरपूर बोलते, आणि मंडळाची मुले ते दर वर्षी शांतपणे ऐकून घेऊन त्यांना हवे तेच करतात. तरीही मी पुढच्या वर्षी वर्गणी देते, कारण मला त्यांचा गणपती बघायचा असतो. माझ्या मनातला गणपती बसवायचा असता तर मी माझ्या घरी बसवला असता.

मात्र याचा अर्थ त्या २६ जणांचे ऐकू नये, असा मुळीच नाही. माझ्या माहेरी चपलांचे काम चालायचे. गिऱ्हाईक यायचे आणि म्हणायचे, "अंगठ्याला चावते, अंगठा सैल करून द्या." वडील चप्पल हातात घेऊन आधी टाच बघायचे. पुष्कळदा मागचा भाग सैल असायचा, त्यामुळे पाय पुढे सरकायचा आणि अंगठा घासायचा. गिऱ्हाइकाची कळ खरी असायची, पण शिवण उसवायची ती भलत्याच ठिकाणी. २६ जणांना पुरापाशी दुखते आहे, हे खरे मानून चालावे. मात्र दुरुस्ती पुरातच करायची, हे कोणी ठरवले?

तांबडापांढरा

रंकाळ्याकाठी ताई, आता पहिल्या पानावरचा प्रत्येक जण आपली चप्पल उलटी करून बघत असेल.

मूळचा_कलापूरचा

बाबुराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवला, तेव्हा त्यांनी कोणाचे अभिप्राय मागवले होते? कलावंताने आपल्या मनाचा कौल घ्यावा.

रंकाळ्याकाठी

कोल्हापुरात कोणी चहाची टपरी काढली तरी बाबुराव पेंटरांचा दाखला निघतो, याची मला आता सवय झाली आहे. पण कॅमेरा घडवताना फिल्म पुढे सरकते की नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलेच असणार. आपल्याकडे ४१ माणसांनी तेच तर करून दिले आहे.

बरगेवाला

सर्वांचे आभार. काही मुद्द्यांना उत्तरे देतो.

पाटाचे पाणी काका, मातीचा हिशोब मी एका जुन्या छायाचित्रावरून अंदाजाने बसवला होता. आपल्याला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. वेळ असेल तर एकदा बंधाऱ्यावरच भेटू या.

वर्गणीदार बारा, आपण घड्याळ लावून खेळलात, याचे मला खरोखर कौतुक वाटते, कारण ही वेळ मी स्वतः कधी मोजली नव्हती. परंतु दोन तास उलटून पैसे अडकावेत म्हणून पूर पुढे ढकलणे मला जमणार नाही. ज्याला खेळ आवडला नाही त्याने पैसे परत घ्यावेत, तो त्याचा हक्क आहे. पूर आश्लेषात येतो, कारण २०१९ चा पूर आश्लेषातच आला होता. तेव्हा मी ११ दिवस मावशीकडे गच्चीवरच्या खोलीत काढले आणि या खेळाची पहिली टिपणे तिथेच लिहिली.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याकडे तयार नाही. आपल्या पैशाला वजन आहे, हे मी रोज भाडे भरताना अनुभवतो.

पिक्सेलपंडित, 'करार मोडला' हे आपले शब्द दोन दिवस डोक्यात घोळत आहेत. नियम बदलले हे खेळाडूला कळत नाही, ही चूक माझी आहे, असे आता वाटू लागले आहे.

शब्दवेल्हाळ

पुराचे ज्ञानी सांगतील, मी अक्षरांचे सांगते. तिसऱ्या डावात वरच्या गावचा म्हातारा म्हणतो, "दर्यांतून पाणी उतरायला लागलंय." कोल्हापूरच्या पश्चिमेला दऱ्या आहेत, दर्या नाही. एका टिंबामुळे आपण सह्याद्रीचा समुद्र करून टाकलात.

बरगेवाला

ही चूक माझी नसून गोडोची, म्हणजे ज्या प्रणालीवर मी हा खेळ बांधतो तिची, असावी. तिसऱ्या आवृत्तीत जोडाक्षरे पार तुटायची, म्हणून २०२३ मध्ये चौथी आवृत्ती आल्यावर मी सगळा खेळ तिच्यावर नेला. तरी हा अर्धा र अजून त्रास देतो आहे.

शब्दवेल्हाळ

गोडोवर आळ घेऊ नये. चौथ्या आवृत्तीत जोडाक्षरांची व्यवस्था चांगली आहे. आपण साधा र, हलन्त आणि य असे टंकलेले आहे, त्याचा रफारच होणार. खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त द्यावा, म्हणजे 'दऱ्या', 'बंधाऱ्या', 'शेतकऱ्या' सगळे सरळ होतील. मी एकूण ३४ ठिकाणांची यादी करून पाठवत आहे.

बरगेवाला

शरणागती पत्करतो. यादीची वाट पाहतो.

शिरोळची_मळी

उशिरा लिहीत आहे. आमच्याकडे कारखान्याच्या तोडी सुरू आहेत, त्यामुळे खेळायला रविवार उजाडला. पुतण्याच्या संगणकावर खेळलो. माझी शेती पंचगंगेच्या काठाला, नृसिंहवाडीच्या अलीकडे आहे.

वर पूर अडवावा की अडवू नये, यावर सगळे बोलले आहेत. आम्हाला हा प्रश्न कधी पडलाच नाही. २००५ ला पाणी आले, २०१९ ला आले, २०२१ ला आले. २०२१ चे तर आश्लेषाचीही वाट न पाहता पुष्यात, म्हाताऱ्या पावसातच आले. पाणी येणार हे धरूनच काठावरचा माणूस राहतो. आमचा खेळ वेगळ्याच ठिकाणी सुरू होतो आणि तो तुमच्या खेळात मला दिसला नाही.

राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की ती इशारा पातळी, ४३ फुटांवर गेली की धोका पातळी. त्या मधल्या चार फुटांत आमचे सगळे आयुष्य असते. पहिली धावपळ मोटारींची. जॅकवेलवरची, म्हणजे नदीकाठच्या उपशाच्या विहिरीवरची, मोटार वेळेत काढली नाही तर पाणी ओसरल्यावर ती रिवाइंडिंगला, म्हणजे आतली तार पुन्हा गुंडाळून घ्यायला, न्यावी लागते, आणि तेव्हा सगळ्या तालुक्याच्या मोटारी एकाच वेळी रिवाइंडिंगला गेलेल्या असतात, त्यामुळे पुढे किती दिवस ऊस कोरडा राहील ते सांगता येत नाही. पाणीपुरवठा संस्थेची मोठी मोटार असेल तर चेनब्लॉक, म्हणजे साखळीने वजन उचलायचे यंत्र, लागतो, सहा-सात माणसे लागतात, आणि ती माणसे त्याच दिवशी स्वतःचीही मोटार काढत असतात. लवकर काढावी तर पाऊस उघडीप देतो आणि पिकाला पाणी कसे द्यायचे, ही पंचाईत होते. उशीर करावा तर चिखलात पाय रुतून चेनब्लॉक उभाच राहत नाही. त्यानंतर म्हशी, त्यानंतर धान्याची पोती, त्यानंतर कागदपत्रे, आणि शेवटी म्हातारी माणसे, कारण ती शेवटपर्यंत हलायला तयार नसतात. आमची आजी २०१९ ला म्हणाली होती, "२००५ ला उंबऱ्याला लागून परत गेलं पाणी, आता कुठं येतंय." ते माळ्यापर्यंत आले.

आम्ही खालच्या अंगाला आहोत, त्यामुळे कोल्हापुरातले फूट ऐकून आपल्याकडे पाणी कधी पोहोचेल याचा अंदाज बांधतो. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, एवढाच आमचा त्या दिवसांतला रामराम असतो. तुमच्या खेळात आश्लेषाचा डाव सुरू होतो आणि पुढच्या चित्रात सगळे पाण्याखाली असते. मधले चार फूट कुठे गेले? मला पुराचा राग आला नाही, मोटार काढायला मिळाली नाही याचा राग आला.

रंकाळ्याकाठी

टाच सापडली.

पिक्सेलपंडित

शिरोळची मळी दादा, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि माझी उंचीची मागणी मागे घेतो. ३९ फुटांना खेळाडूच्या हातातून बंधारा काढून घ्यावा, म्हणजे गाळ्यांचा फलक बाजूला सरून त्या जागी केवळ फुटांचा आकडा आणि गावाचा नकाशा उरावा. नियम बदलले, हे तेवढ्याने कोणालाही न सांगता कळेल.

एका बाबतीत मात्र मी अजून ठाम आहे. आधीच्या दोन वर्षांत खेळाडूने गावांशी जसा व्यवहार केला असेल, त्याचा परिणाम त्या चार फुटांत दिसला पाहिजे. उपसाबंदीत ज्या गावावर अन्याय केला, त्या गावाने चेनब्लॉक द्यायला टाळाटाळ करावी.

शिरोळची_मळी

हे मला पटत नाही. पाणीवाटपावरून वर्षभर न बोलणारी माणसे पुरात एकमेकांची मोटार काढतात. बोलत नाहीत, पण काढतात. पाणी उतरले की पुन्हा भांडण जिथे थांबले होते तिथून सुरू होते.

पाटाचे_पाणी

हे शंभर टक्के खरे आहे. उपसाबंदीच्या काळात माझ्या अंगावर धावून आलेल्या गृहस्थांनीच २००५ साली मला काहिलीत, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईत, बसवून पलीकडे नेले होते. वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

वर्गणीदार_बारा

हा सगळा विस्तार करायला किती महिने लागतील आणि त्या महिन्यांचे भाडे कोण भरणार, हा प्रश्न कोणीच विचारत नाही, म्हणून मी विचारतो.

बरगेवाला

रास्त प्रश्न आहे. माझ्या हिशोबाने पाच महिने लागतील. त्यासाठी तिसरे वर्ष पूर्ण कापून टाकतो. तसेही त्यात पहिल्या वर्षाचीच पुनरावृत्ती होती. हे तिसरे वर्ष वर्गणी मागताना मी कबूल केले होते, त्यामुळे ज्यांना ते हवेच होते त्यांनी निःसंकोचपणे कळवावे, त्यांचे पैसे परत करीन.

पिक्सेलपंडितांची टाळाटाळ घेणार नाही. शिरोळच्या दादांची न बोलणारी माणसे घेईन. ज्या गावावर अन्याय झाला तिथली माणसे मदतीला येतील, मात्र त्यांच्या डोक्यावर संवादाचा चौकोन उमटणार नाही.

उसातला_कोल्हा

मी वर्गणी परत मागणार होतो, ती धमकी मागे घेतो. आलमट्टीचे तिसरे वर्षच उरले नाही, तर भांडायचे कशावरून?

बरगेवाला

सात आठवड्यांनी हा धागा वर आणत आहे. चार फुटांची कच्ची आवृत्ती पाठीराख्यांना पाठवली आहे. पाणी खेळाडूच्या डावागणिक न वाढता घड्याळाबरोबर वाढते. ३९ पासून ४३ पर्यंत जायला १८ मिनिटे लागतात. एकूण १४ कामे आहेत आणि कोणत्याही खेळाडूला ती सगळी पुरी करता येणार नाहीत. पाटाचे पाणी काकांबरोबर बंधाऱ्यावर जाऊन मातीचा हिशोबही दुरुस्त केला. काका स्वतः गाळ्यात उतरून दाखवत होते, त्यांच्या नातीने मला नंतर बरेच सुनावले.

आतापर्यंत १९ अभिप्राय आले आहेत. पूर अन्यायकारक आहे असे दोघांनी म्हटले आहे. बाकीच्यांच्या तक्रारी चेनब्लॉकच्या आहेत, तो फार हळू चालतो म्हणतात.

शिरोळची_मळी

चेनब्लॉक हळूच चालतो, तो तसाच ठेवा.

मी काल खेळलो. दोन मोटारी वाचल्या, एक गेली. आजीला पोत्यांच्या आधी हलवले, हे पुतण्याला आवडले नाही, पण मी तसेच केले. एक गोष्ट राहिली आहे. म्हशी शाळेच्या गच्चीवर नेता येतात, पण वैरण नेता येत नाही. चार दिवस त्या तिथे काय खाणार?

बरगेवाला

पंधरावे काम म्हणून नोंदवले आहे. एका म्हशीला दिवसाला किती पेंढ्या धरू?

शिरोळची_मळी

दुभती की भाकड, ते आधी सांगा.